अन्नाचे माप : थाळीत काय असावे आणि किती असावे

शेतकरी हा मूळचा मापाने काम करणारा मनुष्य आहे. एकरी बियाणे किती टाकावे, खताच्या किती गोण्या द्याव्यात, उसाला पाण्याची पाळी किती दिवसांनी यावी, हे तो काटेकोरपणे ठरवितो. ज्याच्या गोठ्यात दुभती गाय आहे तो तिला दुधाच्या प्रमाणात खुराक देतो, आणि गाय गाभण असली म्हणजे विण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत तिचा खुराक वाढवितो. तसे न केल्यास वासरू अशक्त निपजते व दूध आटते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. परंतु त्याच घरात गरोदर असलेली सून सर्वांची पाने वाढून झाल्यावर, टोपल्यात जे उरेल ते खाते. तिच्या वाट्याला काय आले व किती आले, याचे माप कोणी घेत नाही. गोठ्यात जे शास्त्र पाळले जाते ते स्वयंपाकघरातही पाळावयास हवे, एवढे सांगणे हा या लेखाचा उद्देश आहे.

मापाची गरज का उत्पन्न झाली?

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. त्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. १९७२ च्या दुष्काळात या भागाने लाल मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर दिवस काढले, ही आठवण वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात अद्यापि ताजी आहे. त्या काळी पोट भरेल एवढे धान्य मिळणे हाच मुख्य प्रश्न होता. आज प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. धान्य मिळते, पोटही भरते; तथापि शरीरास हवे ते सर्व त्यातून मिळतेच असे नाही.

याचा पुरावा दोन बाजूंनी मिळतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. दुसऱ्या बाजूने पाहता, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या दहा कोटींवर गेली आहे. मोटेऐवजी विजेचा पंप आला, नांगराऐवजी ट्रॅक्टर आला, पायवाटेऐवजी मोटारसायकल आली. शरीराचे श्रम कमी झाले, पण भाकरी व भात यांचा आकार पूर्वीचाच राहिला. शिवाय त्यात साखर, तेल आणि पुड्यातील पदार्थ यांची भर पडली. एकाच घरात सासऱ्याला मधुमेह आणि सुनेला रक्तक्षय, असे दृश्य त्यामुळे दिसते. दोहोंचे मूळ थाळीच्या बिघडलेल्या प्रमाणात आहे.

दिवसाचे प्रमाण

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था या विषयातील देशातील अधिकारी संस्था होय. १९१८ साली कुन्नूर येथे एका लहानशा चौकशी विभागाच्या रूपाने तिचा आरंभ झाला व १९५८ साली ती हैदराबादेस आली. या संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे २,००० उष्मांकांच्या दैनिक आहारासाठी पुढील प्रमाण सांगितले आहे. सर्व वजने शिजविण्यापूर्वीच्या कच्च्या जिनसांची आहेत.

१. तृणधान्ये (ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, तांदूळ) : २५० ग्रॅम
२. डाळी व कडधान्ये : ८५ ग्रॅम (मांसाहार करणाऱ्यांनी यांतील काही भाग अंडी, मासे वा मांस यांतून घ्यावा)
३. पालेभाज्या व इतर भाज्या : ४०० ग्रॅम
४. फळे : १०० ग्रॅम
५. दूध किंवा दही : ३०० मिलिलिटर
६. शेंगदाणे, तीळ, जवस इत्यादी : ३५ ग्रॅम
७. तेल व तूप : २७ ग्रॅम

या यादीकडे पाहिल्यावर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. भाज्या व फळे मिळून ५०० ग्रॅम होतात, म्हणजे धान्याच्या दुप्पट. खेड्यातील नेहमीच्या थाळीत याच्या उलट स्थिती असते. तीन-चार भाकऱ्या आणि त्यांना लावून खाण्यापुरते कोरड्यास. धान्य व डाळ यांचे प्रमाण साधारणतः तीनास एक असावे, हेही या यादीवरून दिसून येईल.

ग्रॅमचे घरगुती माप

पूर्वी धान्य मोजण्यास पायली, शेर, मापटे, चिपटे ही मापे घरोघर असत. शिजलेले अन्न मोजण्याचे साधन मात्र कधीच नव्हते. हात आणि नजर हीच मापे होती. ग्रॅमचे आकडे भिंतीवर लिहून ठेवल्याने गृहिणीचे काम भागत नाही. म्हणून तिच्या हाताशी असलेल्या वस्तूंतच ते उतरविले पाहिजेत.

*भाकरी* : भाकरीचे वजन घरागणिक बदलते. मध्यम भाकरीस सुमारे ६० ग्रॅम पीठ लागते व तिच्यापासून सुमारे २०० उष्मांक मिळतात. अशा चार भाकऱ्या म्हणजे जवळजवळ दिवसाचे सर्व धान्य झाले. थोरल्या परातीत थापलेल्या मोठ्या भाकरीस १०० ग्रॅमपर्यंत पीठ लागू शकते. अशा वेळी ‘मी दोनच भाकऱ्या खातो’ या सांगण्यास अर्थ राहत नाही. म्हणून प्रत्येक घरी एकदा तरी एका भाकरीचे पीठ तागडीत तोलून पाहावे.

*भात* : तांदूळ शिजल्यावर वजनाने अडीच ते तीन पट होतो. ३० ग्रॅम कच्च्या तांदळाचा एक लहान वाटी भात होतो. दोन वाट्या भात घेतल्यास एक भाकरी कमी करावी. भाकरी पूर्ण आणि वर भातही पूर्ण, हे धान्याचे दुहेरी माप होय.

*डाळ* : येथे सर्वांत अधिक फसगत होते. ३० ग्रॅम डाळीचे एक वाटी घट्ट वरण होते. त्याच डाळीत पाणी वाढविले की तीन-चार वाट्या आमटी होते. वाटी भरलेली दिसते, पण तीत डाळ चमचाभरच असते. म्हणून डाळ वाटीने मोजू नये, डब्यातून काढतानाच मोजावी. पाच मोठ्या माणसांच्या कुटुंबास दिवसाकाठी ४०० ग्रॅमांहून थोडी अधिक डाळ किंवा कडधान्य लागते. पिठले, झुणका, मोड आलेली मटकी, हुलग्याचे माडगे, हे सर्व यातच धरावे.

*भाजी* : १०० ग्रॅम पालेभाजी शिजल्यावर जेमतेम लहान वाटीभर उरते. दोन्ही जेवणांत एक पालेभाजी, एक फळभाजी आणि कच्चा कांदा, काकडी, मुळा, गाजर किंवा टोमॅटो असला म्हणजे ४०० ग्रॅमांचे माप पुरे होते.

*शेंगदाणे* : एक मूठ सुमारे ३० ग्रॅम. चटणी, कूट व भाजलेले दाणे मिळून एवढे पुरे.

*तेल* : दरडोई दररोज २७ ग्रॅम म्हणजे महिन्यास सुमारे ८१० ग्रॅम, लिटरच्या मापाने थोडे कमीच. घरात माणसे किती व महिन्याचे तेल किती लागते, हा भागाकार केला की आपला हात सैल आहे की नाही हे लगेच कळते.

*मीठ* : दररोज दरडोई पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा, ही मर्यादा होय. या हिशेबाने एक किलोचा मिठाचा पुडा पाच माणसांस चाळीस दिवस पुरावयास हवा. तो पंधरा-वीस दिवसांतच संपत असेल, तर रक्तदाबाच्या विकारास घरातूनच आमंत्रण मिळत आहे असे समजावे. लोणचे, पापड व खारे दाणे यांतील मीठही याच हिशेबात येते.

कष्टाप्रमाणे माप

वर दिलेले प्रमाण सर्वांस सरसकट लागू करावयाचे नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषास २,११० उष्मांक लागतात. मध्यम श्रमाच्या पुरुषास २,७१० आणि अतिश्रमाच्या पुरुषास ३,४७० लागतात. स्त्रियांच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे १,६६०, २,१३० व २,७२० असे आहेत. दिवसभर खुरपणी, बांधबंदिस्ती वा मळणी करणाऱ्याने दोन हजारांच्या थाळीवर दोन भाकऱ्या, अर्धी मूठ डाळ व एक मूठ शेंगदाणे वाढविले म्हणजे सुमारे ७०० उष्मांकांची भर पडते. याउलट ज्याचे काम दुकानात वा कार्यालयात बसून आहे, त्याने धान्य, तेल व साखर यांत कपात करावी. डाळ, भाजी व दूध यांत करू नये. वृद्धांसही हाच नियम लागू पडतो.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडणीस बाहेर पडतात. पहाटेच्या अंधारात निघावयाचे, दुपारी फडातच भाकरी सोडावयाची, अशी त्यांची दिनचर्या असते. त्यांचे काम अतिश्रमाचे आहे, आणि फडकऱ्यात भाकरीबरोबर बहुधा मिरचीचा ठेचाच असतो. निघतानाच शेंगदाणे, जवस वा कारळ्याची चटणी, मटकी व हुलगे यांचा साठा बरोबर घेणे त्यांना शक्य आहे. मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवली की तळावरही मोड येतात. उकडलेले अंडे, कच्चा कांदा व लिंबाची फोड ही फडात सहज नेता येणारी पूरके होत.

माउलीचा वाटा

स्त्रीच्या शरीराची लोहाची गरज पुरुषापेक्षा अधिक असते. पुरुषास दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरते, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लागते. धान्य मात्र तिच्या पोटात कमी जाते. म्हणून तिच्या थाळीतील प्रत्येक घास अधिक कसाचा असावयास हवा. प्रत्यक्षात डाळीचा घट्ट भाग, अंडे आणि दूध आधी पुरुषांस व मुलांस वाढले जाते, आणि तिच्यासाठी भाकरी व आमटीचे पाणी उरते. हा कोणाचा दुष्टपणा नव्हे. ती एक सवय आहे, आणि सवय पालटता येते.

गरोदरपणाचे पहिले तीन महिने सोडल्यास पुढे दररोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. एक भाकरी, एक वाटी घट्ट वरण आणि अर्धा कप दूध एवढ्यात ही गरज भागते. बाळंतिणीस पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, म्हणजे दोन भाकऱ्या, एक वाटी घट्ट वरण व अर्ध्या मुठीहून थोडे अधिक शेंगदाणे. ‘बाळ मोठे होईल, बाळंतपण अवघड जाईल’ म्हणून गरोदर स्त्रीचे अन्न कमी करणे चुकीचे आहे. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या वेगळ्या घ्याव्यातच. आहार त्यांची जागा घेऊ शकत नाही. सर्वांनी एकाच वेळी जेवावयास बसणे, किंवा तिचा वाटा आधी काढून झाकून ठेवणे, हा यावरील बिनखर्ची उपाय होय.

लहान मुलांचे पोट लहान असते. मुलास सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न द्यावे व स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. डाळीचे वरवरचे पाणी देऊन मूल पोसले जात नाही. चमच्यावर ठरेल इतपत दाट केलेली डाळ-तांदळाची खिचडी वा कुस्करून मऊ केलेली भाकरी, त्यात थोडे तूप वा शेंगदाण्याचे बारीक कूट, असे अन्न दिवसातून थोडे थोडे व अनेक वेळा द्यावे. अख्खे शेंगदाणे लहान मुलास देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

रानातलेच निवडावे

चांगला आहार म्हणजे महाग आहार, अशी समजूत रूढ आहे. या जिल्ह्याची शिवारे पाहता ती टिकत नाही. दक्षिणेकडील तालुक्यांत रब्बी ज्वारी, हलक्या माळरानावर बाजरी, आणि अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात नाचणी व वरई ही येथील परंपरागत धान्ये होत. रास्त भाव दुकानातून मिळणाऱ्या गहू-तांदळामुळे ही धान्ये अनेक घरांत मागे पडली. ते धान्य घरास आधार देते, यात शंका नाही. पण त्याच्या जोडीस दिवसातून एक जेवण तरी भाकरीचे असावे. सडलेल्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही लोह नसते. बाजरीत ते सहा मिलिग्रॅमांच्या वर असते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना म्हणजे कॅल्शियम असते, व इतर कोणत्याही तृणधान्यात ते इतके नसते. लोह व जस्त अधिक असलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. ज्यांना बाजरी पेरावयाचीच आहे त्यांनी त्याचा विचार करावा. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश अधिक असल्याने ते लवकर कडवट होते. म्हणून आठवड्यापुरतेच दळून आणावे.

धान्यातील लोह शरीरात मुरावयास आंबट फळांची जोड लागते. श्रीगोंद्याचे लिंबू व राहात्याचा पेरू ही फळे जिल्ह्याबाहेर जातात, परंतु ज्या मळ्यात ती पिकतात तेथील मुलांच्या ताटात क्वचितच दिसतात. जेवताना भाजीवर लिंबू पिळावे. पेरू, आवळा, बोर ही स्वस्त फळे क जीवनसत्त्वाने भरलेली असतात. चहा मात्र लोह शोषू देत नाही. तो जेवणास लागून न घेता तासाभराच्या अंतराने घ्यावा. मटकी, हरभरा, हुलगे यांस मोड आणल्यानेही त्यांतील लोह अधिक लागू पडते.

दुधाच्या बाबतीतही हाच प्रकार घडतो. जिल्ह्यातील गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ कॅन भरतात, पण घरात चहापुरते दूध ठेवले जाते. दूध डेअरीस घालण्यापूर्वी घरातील मुले, गरोदर स्त्री व बाळंतीण यांचे माप आधी काढून ठेवावे.

भाज्यांसाठी परसबाग हा उत्तम उपाय आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, पालेभाज्या व धान्ये यांची देशी बियाणी जतन करून घरीच बियाणे बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. डोंगरकपारीतील एका शेतकरी स्त्रीने शाळेची पायरी न चढता हे कार्य केले. एक शेवगा, एक लिंबाचे झाड, एक पपई, कढीपत्ता, आणि मेथी, पालक, अंबाडी, राजगिरा यांचे चार वाफे एवढी बाग घराशेजारी असली, तर बाजारहाटाच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. शेवग्याचा पाला ही उत्तम पालेभाजी आहे, हे अनेकांस ठाऊक नसते.

पूर्वजांनी सणांतून हेच प्रमाण सांभाळले होते. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. तिच्याबरोबर वाल, ओला हरभरा, गाजर, वांगी व शेंगदाणे घातलेली मिश्र भाजी असते. धान्य, कडधान्य, भाजी, तेलबिया, सर्व काही एका ताटात येते. ही थाळी वर्षातून एकदाच न करता हिवाळाभर करावी.

गोड आणि पुडा

१९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला व या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. ऊस हे येथील नगदी पीक आहे. परंतु साखर विकून पैसा आणणे वेगळे आणि ती मुठीने खाणे वेगळे. दिवसाकाठी २५ ग्रॅमांपेक्षा अधिक साखर घेऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. चहाच्या एका कपात दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली, तर अडीच कपांतच ही मर्यादा संपते. पाच कप चहात पन्नास ग्रॅम साखर जाते, व तिचे उष्मांक एका भाकरीइतके होतात. पोषण मात्र शून्य. गूळ घेतल्याने उष्मांक वाचतात, ही समजूतही खरी नाही. गुळाचे उष्मांक साखरेच्या जवळपास तेवढेच असतात.

दुकानात टांगलेले तळलेल्या पदार्थांचे पुडे व बिस्किटे मुलांच्या हाती सहज पडतात. अशा पुड्यावरील छापील कोष्टक वाचण्याची सवय लावावी. कोष्टकातील आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, आणि पुड्यात अशी वाढपे किती, हे पाहावे. एका वाढपाचा आकडा लहान असतो आणि मूल सबंध पुडा संपविते. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. पहिल्या दोन-तीन नावांतच मैदा, साखर वा तेल असेल, तर तो पदार्थ रोजच्या खाण्याचा नव्हे. तेवढ्याच पैशांत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू किंवा एखादे अंडे येते.

कार्यकर्त्यांनी करावयाचे प्रात्यक्षिक

व्याख्यानापेक्षा तागडी अधिक बोलते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांच्या साहाय्याने पुढील कार्यक्रम एका दुपारी घ्यावा.

१. पाच घरांतून एकेका भाकरीचे पीठ आणवून सर्वांसमक्ष तोलावे. फरक पाहूनच चर्चा सुरू होते.
२. ३० ग्रॅम डाळ एका वाटीत ओतून ती जेथवर येते तेथे खूण करावी. हीच खूण प्रत्येकीने आपल्या डाळीच्या डब्यातील वाटीवर करून घ्यावी.
३. तीस ग्रॅम डाळीचे घट्ट वरण व तितक्याच डाळीची पातळ आमटी शेजारी शेजारी ठेवावी.
४. पाच कप चहाची साखर एका काचेच्या पेल्यात मोजून दाखवावी.
५. एका थाळीचे खडूने दोन भाग करावेत. अर्ध्यात भाजी व फळ, उरलेल्या अर्ध्यात धान्य व डाळ, आणि थाळीबाहेर दुधाची वा ताकाची वाटी.
६. या बैठकीस पुरुषांस अवश्य बोलवावे. बाजार तेच करतात, व वाट्याचा निर्णयही पुष्कळदा त्यांच्याच शब्दावर ठरतो.

मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी आपले प्रमाण वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवावे. त्यांना सरसकट उपदेश करू नये.

सारांश

भाकरीचे पीठ एकदा तोलावे. डाळ कच्ची असतानाच मोजावी. धान्याच्या दुप्पट भाजी-फळे हे लक्ष्य ठेवावे. तेल, मीठ व साखर यांचा महिन्याचा हिशेब करावा. जेवताना लिंबू घ्यावे, चहा दूर ठेवावा. दूध आधी घरी, मग डेअरीस. आणि गरोदर स्त्री व बाळंतीण यांचा वाटा सर्वांच्या आधी काढावा. पीक जोमदार यावे म्हणून शेतकरी मुळाशी खत घालतो. घराचे मूळ चुलीपाशी आहे, आणि तेथे मापाने दिलेले अन्न पुढच्या पिढीच्या अंगी दिसते.